संथ गाणी, पावाचा वास आणि मोबाइल नंबर

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी मोठे मार्ट उघडले आहे. कापसाचा चुकारा हाती आला की महिन्याचा किराणा आम्ही तेथूनच भरतो. आत ताज्या पावाचा वास येतो, संथ गाणी चालू असतात आणि यादीपेक्षा जास्तच सामान घरी येते. बिलाच्या वेळी मोबाइल नंबर सांगितल्याशिवाय बिल होत नाही, असे म्हणतात. मुलाच्या मते वास आणि गाणी ही ग्राहकाला भुलवण्याची युक्ती आहे. हे खरे आहे काय, आणि नंबर देणे बंधनकारक आहे काय?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मुलाचे म्हणणे बरेचसे खरे आहे. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील एका सुपरमार्केटमधील प्रयोग प्रसिद्ध केला. तेथे संथ लयीचे संगीत असताना ग्राहक दुकानात हळू चालत आणि विक्री जलद लयीच्या तुलनेत सुमारे ३८ टक्के अधिक होई. हा एकाच दुकानाचा आकडा असल्याने तो दारव्ह्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु रेंगाळणारा ग्राहक अधिक वस्तू पाहतो, हे कारण दोन्हीकडे सारखेच आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. वाइनच्या मांडणीजवळ फ्रेंच संगीत वाजले की फ्रेंच वाइन जास्त खपे आणि जर्मन संगीत वाजले की जर्मन; तरीही संगीताने आपली निवड बदलली, हे बहुतेक ग्राहकांनी मान्य केले नाही. म्हणून ‘माझ्यावर असल्या गोष्टींचा परिणाम होत नाही’ या खात्रीवर फारसे विसंबू नये. वासाचा हेतूही तोच असतो, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही.

नंबरचे प्रकरण मात्र अधिक गंभीर आहे, कारण त्यामुळे सुटी सुटी बिले एका कुटुंबाच्या नावावर जोडली जातात. अमेरिकेतील टार्गेट ही दुकानसाखळी सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून कोणती ग्राहक गर्भवती असावी याचा अंदाज बांधत असे, हे २०१२ मध्ये उघड झाले. बिनवासाचे लोशन आणि कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या यांसारख्या साध्या वस्तूंवरून तो बांधला जाई. आपल्या बिलांवरूनही चुकारा साधारण कोणत्या महिन्यात येतो, हे कळण्यासारखे आहे. आठवडी बाजारातील दुकानदारही गिऱ्हाइकाची सवय ओळखून असतो, पण ती ओळख त्याच्या डोक्यातच राहते. संगणकातील नोंद वर्षानुवर्षे टिकते आणि दुसऱ्याच्या हातीही जाऊ शकते.

नंबर देणे बंधनकारक नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना त्यासाठी आग्रह न धरण्याची सूचना दिली आहे. घरपोच माल किंवा सवलतीचे कार्ड हवे असल्यास नंबर देणे समजण्यासारखे आहे. रोख पैसे मोजून तेल-साखर घेताना त्याची गरज नाही. ‘नंबर द्यायचा नाही, तसेच बिल करा’ असे शांतपणे सांगावे, काउंटरवरील मुलाशी वाद न घालता व्यवस्थापकाशी बोलावे आणि तरीही अडवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दुकानाचे नाव व तारीख सांगून तक्रार नोंदवावी. पूर्वी दिलेला नंबर काढून टाकण्याची मागणी लेखी करावी आणि त्या अर्जाची पोच घ्यावी.