इन्टार्सिया म्हणजे जडावकाम का?

प्रश्न असा आलाय: अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका इटालियन कपाटाचे वर्णन मराठीत करायचे आहे. मूळ मजकुरात लाकडावरच्या नक्षीसाठी 'इन्टार्सिया' आणि 'मार्केट्री' असे दोन शब्द आहेत. दोन्हींना 'जडावकाम' चालेल, की 'पच्चीकारी' बरे?

पच्चीकारी नको. तो शब्द ऐकला की ताजमहालाचा संगमरवर आठवतो, लाकूड नाही. दगडाच्या त्या कामाला इटलीतही 'पिएत्रे दुरे' असे वेगळे नाव आहे.

'जडाव' अर्धाच बसतो. जडवायचे तर आधी खाच हवी. भरीव फळी पटाशीने कोरून तिच्यात लाकडाचे, हाडाचे तुकडे बसवले तर खुशाल जडावकाम म्हणा. उत्तर इटलीतल्या लोम्बार्दीचे 'चेर्तोझिना' काम तसेच असते. मार्केट्रीत फळी कोरतच नाहीत. निरनिराळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे, म्हणजे आपले सुतार ज्याला विनियर म्हणतात ते, बारीक करवतीने कापायचे, एकमेकांत जुळवायचे आणि तयार झालेले अख्खे चित्र सरसाने सांगाड्यावर चिकटवायचे. सावली हवी तिथे तुकड्याची कड तापलेल्या वाळूत धरून करपवतात.

गंमत म्हणजे 'इन्टार्सिया'चे मूळ अरबी 'तरसी', अर्थ जडवणे. उर्दूतला 'मुरस्सा' त्याच धातूचा. म्हणजे शब्द जडावाचाच, पण इटालियन लोक तो दोन्ही कामांना सर्रास वापरतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

तुमचे कपाट नवअभिजात (निओक्लासिकल, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वळणाच्या) काळातले आहे, तेव्हा ते बहुधा विनियरचे काम. या काळातले मोठे नाव जुझेप्पे माज्जोलिनी (१७३८–१८१४), मिलानजवळच्या पाराब्यागोचा सुतार. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक फर्डिनांड त्याचा आश्रयदाता होता आणि आंद्रेआ आप्पियानीसारखे चित्रकार त्याला नक्षीची रेखाटने करून देत. त्याच्या कपाटांचा आकार सरळसोट, खणांच्या दर्शनी भागावर मधोमध पदक किंवा फुलापानांची चित्रे. रंगवलेल्या लाकडापेक्षा लाकडाच्या अंगच्या रंगावर त्याची भिस्त जास्त. त्याने ८६ जातींची लाकडे वापरली असे सांगतात.

मी 'मार्केट्री' तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'लाकडी पापुद्र्यांची नक्षी' असे लिहीन. 'इन्टार्सिया'चे भाषांतर मात्र काम बघूनच करा. आणखी एक: अशा कपाटालाच इटलीत 'माज्जोलिनी' म्हणायची पद्धत पडली आहे. त्यामुळे खात्री नसेल तर 'माज्जोलिनीचे' न लिहिता 'माज्जोलिनी धाटणीचे' लिहा.