लेकीला यूएपीएचे खटले लढवायचे आहेत

नमस्कार,

इतवारीतल्या तुमच्या दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलेलं पत्र मिळालं. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. साईबाबा यांच्यावर माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालला. त्यातला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल वाचल्यापासून ‘मला हेच काम करायचं’ म्हणते. तुमचे प्रश्न तीन : लोक तिला दहशतवाद्यांची वकील म्हणतील का, पोट भरेल का, आणि सुप्रीम कोर्टानेच असे कायदे वैध ठरवलेत तर लढायचं काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिचं करिअर त्यावरच ठरणार आहे. तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याला दिलेलं आव्हान १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात बहुतांशी फेटाळलं गेलं, त्यानंतरच्या ‘पोटा’ कायद्याला दिलेलं २००३ मध्ये. अख्खा कायदाच रद्द व्हावा म्हणून लढलेल्या लढाया बहुतेक हरल्या आहेत. माणसं सुटली ती कलमांच्या बारकाव्यांवर. यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. तरी २०२१ च्या नजीब प्रकरणात आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. तेव्हा सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे कलम असलं तरी जलद न्यायाचा मूलभूत हक्क डावलला जात असेल, तर घटनात्मक न्यायालयं, म्हणजे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट, जामीन देऊ शकतात.

तिने वाचलेला निकालही तसाच. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये साईबाबांसह सहा जणांना शिक्षा दिली. खंडपीठाने २०२२ मध्ये सोडलं ते खटल्याला लागणारी सरकारी मंजुरी नीट नव्हती म्हणून. सुप्रीम कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवून अपील पुन्हा ऐकायला लावलं, आणि ५ मार्च २०२४ ला दुसऱ्या पीठाने मंजुरी आणि पुरावा दोन्ही तपासून पुन्हा निर्दोष ठरवलं. सहा आरोपींपैकी एक जण अपिलाचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असताना वारला. तारखा आणि पंचनामे बारकाईने वाचणारा वकील का लागतो, हे तिने या निकालातून शिकावं.

लोक काय म्हणतील? म्हणतील, काही काळ. पण २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘आमचा कोणीही सदस्य या आरोपींचं वकीलपत्र घेणार नाही’ असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा ठरवले, ते प्रकरण कोईमतूरचं होतं आणि तिथले आरोपी पोलीस होते. बचावाचा हक्क वर्दीतल्या माणसालाही लागतो. नातेवाईकांना हे जरूर सांगा.

आता पोटाचं. सुरुवातीची काही वर्षं घरून आधार द्यावा लागेल. गोड बोलून हे लपवणार नाही. सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करावं. आपलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय चांगला पर्याय आहे. मग सनद म्हणजे वकिलीचा परवाना, बार परीक्षा, आणि थेट हायकोर्टात न जाता जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करणाऱ्या सीनिअरकडे ज्युनिअरशिप. रिमांड, चोरी, मारामारी, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचे खटले, काहीही चालेल. उलटतपासणी तिथेच शिकता येते. केवळ यूएपीएवर कुणाचं ऑफिस चालत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. गरजू आरोपींना मोफत वकील देणाऱ्या, विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात मानधनाचं काम असतं, त्याचीही चौकशी करून ठेवा. न्यायाधीश व्हायचं मनात आलं तरी २०२५ पासून आधी तीन वर्षांची वकिली सक्तीची आहे, म्हणजे ही वर्षं वाया जाणार नाहीत.

एक गोष्ट तिच्या बाजूची आहे. आपल्याकडे पोलिसांचे कागद मराठीत आणि हायकोर्टाचा युक्तिवाद इंग्रजीत. दोन्ही भाषा पक्क्या असलेला ज्युनिअर सीनिअरला हवाच असतो. गोंडी-माडिया शिकली तर गडचिरोलीच्या अशिलाशी दुभाष्याशिवाय बोलू शकेल, आणि असे वकील मला फार थोडे दिसतात.

निर्णय घेण्याआधी तिला सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात आठवडाभर मागच्या बाकावर बसू द्या. साक्षी कंटाळवाण्या असतात, तारखा पडतात. तरीही वहीत टिपणं घेऊन घरी आली, तर सीईटीची फी भरा. नाही आली, तर मला पुन्हा लिहा. पत्रकारिता आणि समाजकार्याच्या वाटाही आपण बघू.