वेसाव्याचा नारळ

ओवी,

रविवारी आजीशी व्हिडिओकॉल चालू असताना तू मध्येच विचारलंस, "आजी दर वर्षी समुद्राला नारळ देते. मग आई, तू इथे मेलबर्नच्या समुद्राला कधीच का देत नाहीस? बीच तर दहा मिनिटांवर आहे." आजी हसली. मला हसू आलं नाही. "नंतर सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

डिसेंबरात आपण मुंबईला गेलो तेव्हा स्टेशनवरची 'वर्सोवा' ही पाटी आणि आजीचं 'वेसावे' यात तुझा गोंधळ उडाला होता. गाव तेच गं. मेट्रो २०१४ साली आली, तीही कोळीवाड्यापासून लांबच थांबते. पुढे सात बंगल्यावरून रिक्षा करायची, मग मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली, आणि शेवटी खाडी. पलीकडे मढ. फेरीबोटीतून तू बोट दाखवलंस तो किल्ला पोर्तुगीजांनी बांधलेला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, आणि १७७४ साली इंग्रजांनी साष्टी बेट घेतलं तेव्हा तोही त्यांच्याकडे गेला. आता तो हवाई दलाकडे आहे, म्हणून आपल्याला आत जाता आलं नाही. तुझे आजोबा मात्र त्याला इतिहास म्हणून बघत नसत. परतताना बुरूज दिसला की घर आलं, एवढंच.

आजोबा डोल लावायचे. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, तोंडाशी रुंद, शेपटाला निमुळतं. ते ओढत न्यायचं नसतं. समुद्रात एका जागी बांधून ठेवायचं, भरती-ओहोटीचं पाणीच म्हावरं आत आणून घालतं, आणि पाणी उलटायच्या आत ते उचलायचं. त्यामुळे आमच्या घरी वार माहीत नसला तरी चालायचा, तिथी लागायची. पुनवेला, अवसेला उधाण, पाण्याला ओढ, डोल भरलेली. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याला ओढ कमी, मग आजोबा ओटीवर जाळं शिवत बसलेले.

बोंबील आले की आम्हा पोरांना सुट्टी नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी मासळी सुकवायच्या वलांडीच्या दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दात बारीक, पण टोचतात. शंभरेक जोड्या झाल्या की बोटांची टोकं चुरचुरायची आणि त्यावर खारं पाणी. तो वास हातांना राहायचाच, साबण कुठलाही लावा. पाचवीत माझ्या बाकावरची मुलगी बाईंना सांगून दुसरीकडे जाऊन बसली. बाईंनी तिला जाऊ दिलं. त्या दिवसापासून मी शाळेत निघताना हातांना लिंबू चोळायला लागले. आजी बघायची, बोलायची काही नाही. ती त्याच वासाची पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीच्या बाजारात जायची आणि माझी फी भरायची.

हे तुला आधी कधी सांगितलं नाही.

नारळाचं म्हणशील तर त्यात फार गूढ काही नाही. पावसात समुद्र खवळलेला असतो, मासळीचे अंडी घालायचे दिवस असतात, होड्या वर ओढून शाकारलेल्या. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, पण आमच्या घरी सरकारपेक्षा पौर्णिमा मोठी. श्रावणातल्या पुनवेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत खाडीवर न्यायचा, बायका नऊवारी नेसून, अंगावर असेल नसेल ते सोनं घालून. आजी म्हणायची, "दर्याला इचारल्याबिगर होडी नाय सोडायची गो." नारळ पाण्यात पडला की ती हात जोडून बराच वेळ उभी राहायची. तिचा भाऊ एका वादळात परत आला नव्हता. तिला मागायचं ते तिथेच मागून व्हायचं.

तू म्हणशील, कागद पाण्यात कशाला? ते मलाही पटत नाही. दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्याला लागलेला मी पाहिलाय. शहराचा कचरा आणि आमची तुटकी नायलॉनची जाळी, सगळं त्याच वाळूत. २०१५ साली अफरोज शाह या वकिलांनी तो किनारा साफ करायला घेतला, लोक जोडले गेले, आणि २०१८ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाण्याकडे जाताना दिसली. आजीने मला फोन करून सांगितलं होतं. मी ऑफिसात होते, जिन्यात जाऊन रडले.

आता तुझा प्रश्न. मी स्वतःला सांगत आले की इथे श्रावणात हिवाळा असतो, इथला समुद्र पावसात बंद होत नाही, आपली होडी नाही, मग नारळ कसला द्यायचा? हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही. मेलबर्नला आले तेव्हा मला वाटलं होतं, आता कोणाला वास येणार नाही. घरात सुका बोंबीलसुद्धा आणला नाही मी. तू तो पहिल्यांदा आजीकडे खाल्लास आणि अजून दे म्हणालीस, तेव्हा आजीने माझ्याकडे पाहिलं होतं.

तू हे करायलाच हवं असं मी म्हणत नाहीये. तुझा समुद्र वेगळा, तुझी पोहण्याची शाळा तिथे, तुझं त्याच्याशी काय ते तू ठरव. इथे पाण्यात काही सोडलेलं चालतं का, तेही विचारावं लागेल. नाहीच चाललं तर नुसतं पाण्याला हात लावून येऊ.

पौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे. नारळ आणून फ्रिजवर ठेवलाय, कागद न लावता. यायचं नसेल तर तसं सांग, मी एकटी जाऊन येईन. आणि दुसरा नारळ भातासाठी आहे, तो तू खवून दे.

आई