अपोमॅटॉक्स काउंटीचं कोर्ट जुन्या गावातून का हललं?

आग हे निमित्त; खरं कारण रेल्वे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात 1845 साली शेजारच्या चार काउंट्यांचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तुकडे जोडून ही काउंटी केली, क्लोव्हर हिल हे खेडं तिचं मुख्य ठाणं झालं आणि 1846 मध्ये तिथे विटांचं दुमजली कोर्ट उभं राहिलं. त्या काळी काउंटी कोर्ट दर महिन्याला भरायचं. न्यायासनावर स्थानिक जमीनदार बसत, बहुतेकांनी कायदा शिकलेला नसे. खटल्यांखेरीज रस्ते, कर, मृत्युपत्रं सगळं तेच बघत, त्यामुळे त्या दिवशी खेड्यात जत्रेसारखी गर्दी उसळे.

1854 मध्ये रेल्वे आली ती पाचेक किलोमीटरवरून, आणि व्यापार स्टेशनाकडे सरकला. 1892 मध्ये कोर्ट जळालं. सोबत दप्तरही गेलं. माझ्या मते खरं नुकसान तेच, कारण सामान्य माणसाची नोंद असते ती अशाच कागदांत. नवं कोर्ट मग थेट स्टेशनच्या गावात बांधलं.

आणि हो, अमेरिकन यादवी युद्धात 9 एप्रिल 1865 ला दक्षिणेचा सेनापती ली याने उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शरणागती पत्करली ती या कोर्टात नव्हे, जवळच्याच मॅक्लीन यांच्या घरात. जुन्या जागेवरची आजची इमारत 1960 च्या दशकात नव्याने बांधलेली आहे.