घरच्या वर्कशॉपमध्ये कटर-ग्राइंडर चालवताना कानाला काय लावावं: इयर मफ की फोमचे प्लग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये सुतारकाम करता, मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापता, अधूनमधून राउटर (लाकडाच्या कडा मारायचं यंत्र) आणि ग्राइंडर चालतो. दुकानदार म्हणतो ‘३७ डेसिबलवाला’ मोठा मफ (हेडफोनसारखा कानांवर बसणारा) घ्या, मित्र म्हणतो फोमचे प्लग पुरेत. शिवाय तुम्हाला चष्मा आहे.

माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, गेट-ग्रिल-जिन्यांची कामं. दिवसभर ग्राइंडर आणि कटऑफ मशीन सुरू असतं, त्यामुळे हा विषय रोजचा. माझ्या मते दोन्ही घ्या, फक्त ३७ च्या आकड्यासाठी म्हणून काही घेऊ नका.

तो ३७ आधी बघू. वस्तू किती डेसिबल आवाज अडवते, याचे खोक्यावर दोन पद्धतींचे आकडे येतात, अमेरिकेचा एनआरआर आणि युरोपचा एसएनआर. ३एमचा पेल्टर एक्स५ए हा जाडजूड मफ एसएनआरमध्ये ३७ आहे आणि तोच एनआरआरमध्ये ३१. दुकानदार मोठा आकडा सांगणार हे उघड आहे. पण गंमत अशी की त्याच कंपनीचा नारिंगी फोमचा साधा ११०० प्लगसुद्धा एसएनआरमध्ये ३७ च आहे. एक वस्तू काही हजारांची, दुसरी चहाच्या पैशात येणारी. तेव्हा दोन वस्तूंची तुलना करताना दोन्हीवर एकाच पद्धतीचा आकडा आहे ना, ते बघा. नुसतं ‘३० डीबी’ छापलंय आणि खाली एनआरआर नाही, एसएनआर नाही, ईएन ३५२ किंवा आयएस ९१६७ असं मानकही नाही, तर तो माल उचलूच नका.

दुसरं म्हणजे हा आकडा प्रयोगशाळेतला, नीट घातलेल्या कानांवरचा असतो. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही. अमेरिकेत वापरतात तो ढोबळ हिशेब मीही वापरतो: एनआरआरमधून ७ वजा करा, उरेल त्याचं निम्मं धरा. म्हणजे एनआरआर २९ असलेल्या प्लगचे हाती राहिले ११. तुमचं कटर कानापाशी १०० डेसिबल देत असेल (असली यंत्रं साधारण ९५ ते १०५ च्या घरात असतात), तर प्लग घालून ८९ राहिले. अमेरिकेची नायॉश ही संस्था ८ तासांना ८५ ही मर्यादा मानते आणि वरच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने उघड्या कानाने १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं, आणि ८९ ला तीन तास. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात ८ तासांना ९० धरतात. मी मात्र ८५ च धरतो. गेलेले कान परत येत नाहीत.

यंत्राच्या पुस्तिकेत आवाजाचा आकडा दिलेला असतो. त्यात ‘ध्वनिदाब पातळी’ बघा. ‘ध्वनिशक्ती पातळी’चा आकडा त्याहून मोठा असतो, तो कानाशी पोचणारा आवाज नव्हे. आयफोन असेल तर नायॉशचंच मोफत मीटर ॲप आहे. त्याची अँड्रॉइड आवृत्ती नाही.

आता निवडीचा खरा मुद्दा. समजा तासभर काम आहे आणि संरक्षण मिळतंय ३० डेसिबल. त्यात आवाज चालू असताना नुसती ५ मिनिटं कान उघडे राहिले, तर तासाभराचं संरक्षण उरतं जेमतेम ११ डेसिबल. निम्मा वेळ उघडे राहिले तर ३. त्या पाच मिनिटांत एवढा आवाज आत जातो की उरलेली पंचावन्न मिनिटं जवळजवळ वाया जातात. माझ्या शेडमध्ये हे रोज दिसतं. फोन वाजला की पोरगा मफची एक वाटी गालावर सरकवतो, ‘हां बोला’ म्हणतो आणि शेजारचा ग्राइंडर चालूच असतो. म्हणून ५ डेसिबल जास्तीचा मफ शोधण्यापेक्षा काम संपेपर्यंत डोक्यावर राहील असा शोधा. तो ३७ वाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आहे. मे महिन्यात पत्र्याच्या गॅरेजमध्ये तो किती वेळ राहील हे तुम्हीच ठरवा. एसएनआर २७ ते ३० चा हलका मफ तुम्हाला पुरेल.

तुमचं काम तुटक आहे: माप घ्यायचं, खूण करायची, अर्धं मिनिट कापायचं, परत माप. अशा कामाला मफ बरा, एका हाताने चढतो आणि उतरतो. राउटरने दोन-तीन तास सलग कडा मारायच्या असतील किंवा सँडर चालवायचा असेल, तेव्हा प्लग.

मात्र प्लग घालायला शिकावं लागतं, आणि बहुतेक जण चुकीचाच घालतात. बोटं स्वच्छ हवीत. प्लग बोटांत हळूहळू वळत पातळ, सुरकुती न पडलेली वात करायची. नुसता दाबून चपटा केला तर कडेने आवाज शिरतो. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. वात आत सारायची आणि बोटाने २०-३० सेकंद धरून ठेवायची, फोम फुगेपर्यंत. आरशात समोरून बघितलं आणि प्लगचं टोक कानाबाहेर ठळक दिसलं, तर तो बसलेला नाही, काढून परत घाला. अजून एक खूण: यंत्र चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा. आवाज एकदम खूप कमी झाला तर प्लग गळतोय. दोरीवाले प्लग घेतलेत तर दोरी मानेमागून शर्टात खोचा, फिरत्या पात्यापाशी लोंबती दोरी नको.

चष्म्याचं म्हणाल तर जाड काड्यांमुळे मफच्या गादीला फट पडते आणि काही डेसिबल जातात. पातळ, चपट्या काड्यांचा सेफ्टी गॉगल किंवा चष्मा असेल तर फरक कमी पडतो. केस आणि टोपीची कडही गादीखालून काढा. गादी कडक झाली, चिरली की बदला, घामाने ती लवकर जाते.

कान वाहत असेल, किंवा पावसाळ्यात कानात बुरशी होऊन खाज सुटत असेल, तर प्लग बंद. बरं वाटेपर्यंत मफच, आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवा. त्याच फेरीत ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. आवाजाने कान जायला लागले की पहिला खड्डा, म्हणजे ऐकण्यातली घट, बहुधा ४००० हर्ट्झच्या उंच आवाजाच्या आसपास पडतो. बोलणं नीट ऐकू येत असतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

कापसाचे बोळे आणि गाण्याचे इयरफोन यांना संरक्षण समजू नका. नॉइज कॅन्सलिंगवाले पंख्याची किंवा विमानाची एकसुरी घरघर कापतात, कटरची किंकाळी नाही. उलट तिच्यावर मात करायला तुम्ही गाणं मोठं करता.

जाता जाता, मार्बल कटरला लाकडाचं पातं लावणं बंद करा आणि साधा सर्क्युलर सॉ घ्या. मार्बल कटरला खालचा आपोआप मिटणारा गार्ड नसतो. कानाआधी बोटांची काळजी.