मुलगा गप्प आहे म्हणजे त्याला मान्य आहे, असं नसतं

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. त्यांचा पुतण्या फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकतो. त्याच्याकडून त्यांना पानफिलो लॅक्सन यांच्याबद्दल कळलं. लॅक्सन तिथले पोलीस प्रमुख होते, पुढे सिनेटर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, झाले आणि २०२५ मध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी पुन्हा निवडून आले. बारावीतल्या मुलासाठी वडिलांनी हाच आराखडा धरलाय: ‘आधी आयपीएस, मग दोन-चार एन्काउंटर, नाव झालं की चाळिशीत राजीनामा आणि आमदारकी.’ रोज पहाटे साडेचारला ते मुलाला पळायला नेतात. तो नकाशे काढत बसतो म्हणून त्याच्या वह्या कपाटात कुलपात ठेवल्यात. ‘तो काही बोलत नाही, म्हणजे त्याला मान्य आहे,’ असं ते लिहितात.

नमस्कार,

तुमच्या पत्रात दहावीचे गुण आहेत, क्लासची फी आहे, मुलाची उंची आणि छातीचं मापसुद्धा आहे. त्याला स्वतःला काय हवंय, याबद्दल मात्र एकच ओळ आहे, आणि ती म्हणजे तो बोलत नाही. मला काळजी वाटली ती याच ओळीची. सतरा वर्षांचा मुलगा घरात गप्प होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याने आधी बोलून पाहिलेलं असतं आणि उपयोग नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं. अंगात ताप असतानाही त्याला पळायला नेल्याचं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. हे आजच्या आज बंद करा. बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, त्याला झोप मिळू द्या. आणि त्या वह्या आज संध्याकाळी त्याच्या हातात परत द्या.

आता ‘दोन-चार एन्काउंटर’. हे शब्द तुम्ही बढतीच्या पायरीसारखे लिहिलेत आणि मुलगा ते रोज ऐकतोय. ज्यांचं उदाहरण तुम्ही घेतलंत, त्यांच्याच आयुष्यात या गोष्टीने काय केलं ते पाहा. १९९५ च्या मे महिन्यात केसोन सिटीत कुरातोंग बालेलेंग टोळीचे म्हणून ११ जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. चकमक झाली, असं पोलिसांनी सांगितलं. दलातल्याच एकाने पुढे येऊन ती चकमक नव्हती, असं सांगितलं. आरोपींत लॅक्सन यांचं नाव आलं. खटला फेटाळला गेला, ते पोलीस प्रमुख झाले, सिनेटर झाले, तरी प्रकरण पुन्हा उघडलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा पडदा टाकला तो २०१२ मध्ये. न्यायालयाने त्यांना मोकळं केलं हे खरं, पण मधली १७ वर्षं ते प्रकरण त्यांच्या मानगुटीवर होतं.

दुसरं प्रकरण २००० सालच्या एका दुहेरी हत्येचं. त्यात आरोप दाखल होणार असं दिसताच लॅक्सन, विद्यमान सिनेटर असताना, २०१० च्या जानेवारीत देश सोडून गेले. वर्षभराहून जास्त काळ ते परागंदा होते. अपील न्यायालयाने त्यांच्यावरचे आरोप रद्द केल्यावर २०११ च्या मार्चमध्ये परतले. तुमच्या पुतण्याने हे सांगितलं नसेल. मुलाला एखाद्याचं चरित्र द्यायचं तर ते सबंध द्या.

लोकांनी त्यांना मतं कशासाठी दिली, याबद्दलही तुमचा गैरसमज आहे. प्रमुखपदाची टोपी डोक्यावर आली की मतं चालून येतात, असं तुम्ही धरलंय. लॅक्सन त्या पदावर जेमतेम १४ महिने होते, नोव्हेंबर १९९९ ते जानेवारी २००१. अध्यक्ष एस्त्रादा पायउतार झाले आणि यांचंही पद गेलं. त्याआधी जवळजवळ तीन दशकांची नोकरी होती. बाग्योच्या लष्करी अकादमीतून ते १९७१ मध्ये बाहेर पडले. १९८१ मध्ये त्यांच्या पथकाने उद्योगपती जॉन गोकोंगवेई यांची मुलगी रॉबिना हिला अपहरणकर्त्यांच्या तावडीतून सोडवलं. कुटुंबाने बक्षीस देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. प्रमुख झाल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या पोलिसांची हप्तेवसुली, तिकडे तिला ‘कोतोंग’ म्हणतात, मोडून काढायला घेतली. पोलिसांची कंबर ३४ इंचांच्या वर जाता कामा नये, असंही फर्मान काढलं. जीपनीवाल्याला (जीपनी म्हणजे तिथली प्रवासी जीप), भाजीवाल्याला रोजचा हप्ता द्यावा लागला नाही तर ते नाव त्याच्या लक्षात राहतं. सिनेटमध्ये गेल्यावर आपल्या वाट्याचा विकासनिधीही त्यांनी नाकारला. माझ्या मते त्यांचं राजकारण टिकलं ते या कोऱ्या हातांमुळे.

शिवाय तिथली निवडणूकही वेगळी आहे. २४ सिनेटर, दर तीन वर्षांनी १२ जागा, आणि मतदारसंघ म्हणजे अख्खा देश. एकेक मतदार बारा नावं निवडतो, त्यामुळे देशभर माहीत असलेल्या नावाला फायदा होतो. आपल्याकडे आमदार व्हायचं तर तालुक्यातल्या लग्नाला, मयताला वर्षानुवर्षं जावं लागतं. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह राजीनामा देऊन २०१४ मध्ये खासदार झाले, पण ते उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून, त्यांच्या मूळ मुलखातून. आणि फिलिपिन्समध्येही वर्दी जिंकवतेच असं नाही. लॅक्सन स्वतः २००४ आणि २०२२ अशा दोन्ही अध्यक्षीय निवडणुका हरले. २०२१ मध्ये पोलीस प्रमुख असलेले गिलेर्मो एलेआझार पुढच्याच वर्षी सिनेटला उभे राहिले आणि पडले.

परीक्षेचं म्हणाल तर कोणतीही पदवी, २१ वर्षं पूर्ण, मग यूपीएससी. राज्यात उपअधीक्षक किंवा पीएसआयसाठी एमपीएससी. हे सगळं पदवीनंतरचं आहे. सेवेत असताना राजकारणात भाग घ्यायला नियमांनी बंदी आहे. म्हणजे आमदारकी डोळ्यांपुढे ठेवून आयपीएस झालेला अधिकारी पहिल्या दिवसापासून मंत्र्यांकडे बघून काम करणार. असा अधिकारी मला माझ्या जिल्ह्यात नको, तुम्हालाही नको असेल.

मुलाच्या नकाशांकडे तुम्ही खोड म्हणून बघताय. तुम्हीच लिहिलंय की त्याने सीना नदीचा पूर कुठपर्यंत आला ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून कागदावर उतरवलं. सांगितल्याशिवाय हे करणारी मुलं मला फार थोडी भेटतात. त्याला भूगोल किंवा भूशास्त्र घेऊन पदवी करू द्या. पुढे भू-माहितीशास्त्राचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जमिनीची माहिती मांडण्याच्या शास्त्राचं, एमएस्सी पुणे विद्यापीठात आहे, डेहराडूनला भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे. पूर, पाणी, शेती, नगररचना अशा सगळ्या खात्यांना ही माणसं लागतात. आणि वर्दी त्याला स्वतःला हवीशी वाटली, तर याच पदवीवर तो यूपीएससी देईल. भूगोल तिथे वैकल्पिक विषय आहेच.

तुमच्या मनात आमदारकी असेल तर तुम्ही स्वतः उभे राहा. ग्रामपंचायतीपासून सुरुवात करता येते, वयाची आडकाठी नाही. मी हे मनापासून सांगतोय. तुमच्या पत्रात गावच्या पाण्याबद्दल जे पोटतिडकीने लिहिलंय, ते वाचून सांगतोय.

पुढचं पत्र मात्र मुलाला लिहू द्या. ते पाकीट बंद करायच्या आधी वाचायला मागू नका. प्रवेशांच्या तारखा आणि महाविद्यालयांची यादी मी त्यालाच पाठवीन.