तो अनुभव पुन्हा का येत नाही?

साधना करणारे जे लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांतले बरेचजण दोनपैकी एका काळजीने कासावीस झालेले असतात. एक तर ‘इतकी वर्षं बसतोय, पण काहीच अनुभव येत नाही’, नाहीतर ‘एकदा आला होता, पुन्हा येतच नाही’. मला विचाराल तर दुसरी काळजी जास्त जपून हाताळावी लागते. अशाच एका साधिकेबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या शिक्षिका. जप आणि ध्यान बरीच वर्षं नेमाने चाललेलं. एका पहाटे जपाला बसल्या असताना काही क्षण ‘मी’ म्हणून वेगळं कुणी उरलंच नाही, असं त्यांना झालं. खोली तीच, बाहेरचे आवाज तेच, पण ते ऐकणारं कुणी निराळं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दुःखाचा लवलेश नव्हता.

मग तोच अनुभव पुन्हा यावा म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं. बैठक लांबवली, झोप चार तासांवर आणली, एक वेळचं जेवण सोडलं, जोरजोरात श्वास घ्यायला सुरुवात केली. माझ्याकडे आल्या तेव्हा हातात एक वही होती. तारीख, वेळ आणि समोर ‘निळा प्रकाश, मोठा’, ‘बोटांत मुंग्या’, ‘कुणीतरी नावाने हाक मारली’. मधूनमधून ‘आज काही नाही’ आणि त्याखाली लाल पेनाने दोन रेघा. ‘मॅडम, हे पुढचे टप्पेच आहेत ना?’ त्यांनी विचारलं.

अनुभवाच्या अर्थाकडे मी लगेच जात नाही. आधी झोप, जेवण, चालू औषधं, घरात कुणाला मानसिक आजार किंवा फिट्स आहेत का, हे विचारते. झोप न होताही थकवा येत नसेल, आवाज हुकूम सोडत असतील, ‘माझी खास निवड झालीय’ अशी खात्री पटू लागली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. ठरावीक वास किंवा ‘हे आधी घडलंय’ असा भास आणि पाठोपाठ काही क्षण भान हरपणं, असं पुन्हापुन्हा त्याच क्रमाने होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे. यांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. वहीतल्या नोंदींची कारणं मात्र सरळ होती. जोराच्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे ओठांना, बोटांना मुंग्या येतात. अपुरी झोप झालेला माणूस पहाटे डोळे मिटून बसला की झोपेच्या उंबरठ्यावर प्रकाश दिसतात, हाका ऐकू येतात. त्या खोटं सांगत नव्हत्या. पण ही साधनेतली प्रगती नव्हती.

हे ऐकून त्यांचा चेहरा पडला, म्हणून मी त्यांना सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या ख्रिस्ती जोगीण, आविलाच्या संत तेरेसा, यांची गोष्ट सांगितली. स्वतः गाढ अनुभवातून गेलेल्या या बाईंनी 1577 मध्ये लिहून ठेवलं आहे की उपास-जागरणांनी अशक्त झालेल्या काही साधिकांना गुंगी येते आणि त्या तिलाच समाधी समजतात. त्यावर तेरेसांचा उपाय कोणता? नीट जेवायला घाला, झोपू द्या. पतंजलींनीही सिद्धींना समाधीच्या वाटेतले अडथळेच म्हटलं आहे.

मग त्या पहिल्या पहाटेचं काय? ती मी खरी मानते. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1902 मध्ये अशा अनुभवांची चार लक्षणं नोंदवली: शब्दांत न मावणं, काहीतरी कळल्याची खोल खात्री, फार काळ न टिकणं आणि आपल्या इच्छेच्या ताब्यात नसणं. त्यांच्या पहाटेला चारही लागू पडत होती. शेवटची दोन मी मुद्दाम पुन्हा वाचून दाखवली, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं.

मी विचारलं, ‘त्या पहाटेनंतर मागे काय उरलं?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘महिनाभर वर्गात कुणावर ओरडावंसंच वाटलं नाही. बहिणीशी अबोला होता, तिला आपणहून फोन केला.’

‘आणि या निळ्या प्रकाशानंतर?’

‘हल्ली मुलांवर फार चिडते हो मी.’ हे बोलताना त्या स्वतःच थबकल्या. अनुभव ओळखायला याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही.

पुढचं काम साधं होतं, पण त्यांना जड गेलं. सात तास झोप, दोन्ही वेळचं जेवण, श्वासाशी खटपट बंद. बैठक ठरलेल्या वेळेचीच. कितीही गोडी लागली तरी वेळ संपली की उठायचं. काही दिसलं तर ‘दिसलं’ एवढं जाणून पुन्हा जपाकडे वळायचं. अस्वस्थ वाटलं तर डोळे उघडून, पाय जमिनीला टेकवून थोडं चालायचं. बैठकीत काय दिसलं हे वहीत लिहायचं नाही. रात्री एकच ओळ, आज माणसांशी कशी वागले.

काही आठवड्यांत प्रकाश, हाका थांबल्या आणि त्यांना चक्क रडू आलं. हातचं काहीतरी गेल्यासारखं वाटणं या टप्प्यावर अगदी स्वाभाविक असतं. तेव्हा साधकाला एकटं सोडू नये. ती पहाट पुन्हा येईल का, हे त्यांनी परत विचारलं. मी सांगितलं की याची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून लांब राहा. तसा अनुभव त्यांना अजून आलेला नाही. बैठक रोज चालू आहे, आणि जागरणाची ऊर्मी आली की त्या आधी मला फोन करतात.